गणपतीत घर सांभाळून मिळेल

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत निम्म्या दारांना कुलपं लागतात. आम्ही बहुतेक सगळे तळकोकणातले. एरवी रजेसाठी साहेबापुढे घसा खाकरणारा माणूस गणपतीला मात्र टेबलावर अर्ज टाकतो आणि तो मंजूर झाला की नाही हे न बघताच गाडीत बसतो. मागे राहतात तुळशी, मनीप्लांट, देव्हाऱ्यातले देव आणि आठवडाभर चालू न केल्यामुळे रुसून बसणाऱ्या गाड्या. पूर्वी हे सगळं शेजारी सांभाळायचे. आता शेजारीही गावालाच जातात. बाजारातली ही एवढी मोठी पोकळी अख्ख्या मुलुंडमध्ये फक्त मला दिसली, आणि माझी अब्रू जायला तिथूनच सुरुवात झाली.

मी गुणाजी धुरी. भांडुपच्या एका पंपांच्या कारखान्यात कॉस्टिंग खात्यातून निवृत्त झालो. म्हणजे एक पंप बनवायला खरोखर किती खर्च येतो, हे मालकाला सांगून त्याचा दिवस खराब करणं हे माझं काम होतं. निवृत्तीनंतर आमच्या कोकणवासी मंडळाच्या स्वयंरोजगार शिबिरात मी ‘छोट्या धंद्यातला खरा नफा’ या विषयावर व्याख्यानं देऊ लागलो. पुरणपोळ्या करून विकणाऱ्या बायकांना मी भर सभेत विचारत असे, ‘गॅस धरलात, पुरण धरलंत, पण तुमचे स्वतःचे हात हिशेबात धरलेत का?’ एकदा एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते व्याख्यानाचं यश समजलो होतो.

तर असा हा माणूस धंद्यात उतरला. गणपतीला गावी जाणाऱ्यांचं घर सांभाळायचं. झाडांना पाणी, देवापुढे दिवा, गाडीचं इंजिन चालू करून बंद करणं, आणि दारातली वर्तमानपत्रं उचलणं, कारण ती साचली की चोराला आयतं आमंत्रण मिळतं. वरच्या मजल्यावरच्या श्वेताने, ती जाहिरात कंपनीत आहे, धंद्याला ‘राखणदार सर्व्हिसेस’ असं नाव सुचवलं आणि फुकटात एक पत्रकही करून दिलं. आमच्याकडे गावाची राखण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात. देवाचं खातं आपण आपल्याकडे घेतोय, याची मला तेव्हा जरासुद्धा लाज वाटली नाही.

खर्चाचा तक्ता मी एका संध्याकाळीच तयार केला. जागा ग्राहकाची, पाणी ग्राहकाचं, वीज ग्राहकाची, देवसुद्धा ग्राहकाचेच. माझ्या फक्त चपला. मी तो तक्ता बायकोला, सुगंधाला, वाचून दाखवला. ती चवळी निवडत होती.

“सगळं बरोबर आहे हो,” ती म्हणाली, “पण यंदा पाळी आपली आहे.”

आमच्या गावच्या घरात गणपती एकच. एक वर्ष थोरल्या लहूदादाची पाळी, एक वर्ष माझी. ज्याची पाळी, तो पाटावर बसून पूजा करतो, तोच आरतीला पुढे उभा राहतो, आणि विसर्जनाच्या दिवशी मूर्ती पहिल्यांदा हलवतो तोही तोच. बाकी सगळं वर्ष मी मुंबईतला एक पेन्शनर असतो. पण पाळीच्या वर्षी सात दिवस त्या घराचा यजमान असतो. माझे वडील गेल्यावर मी पहिल्यांदा त्या पाटावर बसलो तेव्हा मला घरचा माणूस झाल्यासारखं वाटलं होतं, हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण ते खरं आहे.

“पाळी दादाशी बदलून घेता येते,” मी म्हणालो. “सीझन कुणाशी बदलणार?”

“मग दादांना सांगा तसं. धंदा काढलाय म्हणून येत नाही म्हणावं.”

हे वाक्य दादाला सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. दादाच्या डोक्यात गणपतीला गावी न येण्याची दोनच कारणं बसतात, स्वतः मेलेला असणं किंवा अंथरुणाला खिळलेला असणं. पहिलं जरा महाग होतं. म्हणून मी फोन करून सांगितलं, की माझा उजवा गुडघा गेलाय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. आणि दादाने माझ्या जागी पूजेला बसावं म्हणून थोडे पैसे पाठवून दिले. तक्त्यात ती रक्कम मी ‘पर्यायी मनुष्यबळ’ या नावाखाली टाकली. सुगंधा म्हणाली, “मी आणि सुयोग जाणार. मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर गप्प बसेन.” सुयोग आमचा मुलगा. तो मोजे बॅगेत भरत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

गिऱ्हाइकं झटपट मिळाली. अडचण आली ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची. अंबादासराव यांचं सगळं आयुष्य महापालिकेच्या पाणी खात्यात गेलेलं. त्यांनी मला कमिटीपुढे अर्ज करायला लावला, त्याच्या प्रती मागितल्या, आणि मग विचारलं, “तुम्ही सभासद म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरणार की व्यावसायिक म्हणून?” मी म्हणालो, शेजारी म्हणून. ते म्हणाले, “शेजारी पैसे घेत नाहीत.” शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली की गेटवरच्या वॉचमनच्या मोबाइलमध्ये दर खेपेला माझी नोंद होईल आणि घरमालकाने त्याच्या फोनवरून होकार दिल्यावरच मी आत जाईन. बाहेरच्या सोसायट्यांतही हीच पद्धत निघाली.

आता घरमालक कुठे, तर मालवण-कुडाळकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे फोनला रेंज मिळते ती एखाद्या ठरावीक काजूच्या झाडाखाली नाहीतर देवळाच्या मागच्या कातळावर. त्यामुळे माझा दिवस असा सुरू होई, की मी मुलुंडच्या गेटवर वॉचमनच्या स्टुलाशेजारी उभा आणि तिकडे कोकणात कुणीतरी गृहस्थ सोवळं सांभाळत कातळ चढतो आहे. तो वर पोचला की होकार येई आणि मी आत जाई. माझ्या स्वतःच्या सोसायटीत, जिथे मी बावीस वर्षं राहतोय, तिथेसुद्धा मी असा पाहुण्यासारखा ताटकळलो आहे. एकदा वॉचमनने दया येऊन मला अर्धा चहा दिला. तो मी प्यायलो. तो हिशेबात धरायचा की नाही, यावर मी बराच विचार केला.

सगळ्यात नियमशीर गिऱ्हाईक म्हणजे भांडुपच्या लताताई. यांचं गाव आमच्या गावाच्या शेजारचंच, मधे फक्त एक ओहोळ. मुंबईतल्या घरातले देव अंधारात राहू नयेत, अशी त्यांची तळमळ होती. त्यासाठी रोज संध्याकाळी सातला त्या गावाहून व्हिडिओ कॉल करणार, मी देव्हाऱ्यातला दिवा लावून फोन त्याच्यासमोर धरणार, आणि तिकडे त्यांचा फोन गणपतीसमोरच्या स्टुलावर ठेवलेला असणार. दोन्हीकडचे देव एकमेकांना बघत असताना आरती व्हायची; मी स्वतः त्यात कधी दिसत नसे, आणि लताताईंच्या लेखी मी फक्त ‘राखणदार’वाला होतो. या सेवेचे वेगळे पैसे लावायला हवे होते, असं व्याख्याता म्हणून माझं मत आहे. प्रत्यक्षात मी ते मागायला लाजलो. शिवाय सात वाजता भांडुपला पोचायचं म्हणजे रोज रिक्षा. रिक्षा तक्त्यात नव्हती. तक्त्यात चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या चंद्रप्रकाश दळवींच्या गाडीखाली उकिडवा बसून तेल गळतंय का ते बघत होतो, तेव्हा सुयोगचा फोन आला. “बाबा, काका गाऱ्हाणं घालतायत, ऐका.” आमच्याकडे घरावर काही संकट आलं की घरातला वडीलधारा सगळ्यांसमोर देवाला हाक मारून ते सांगतो, आणि जमलेले सगळे त्याला साथ देतात. दादाचा आवाज आला, “बा देवा म्हाराजा, आमचो गुणाजी थंय मुंबैत गुडघो धरून पडलो हा...” आणि ओहोळाच्या अलीकडची-पलीकडची पन्नास-साठ माणसं एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा.” “त्येचो गुडघो बरो कर आणि त्येका तुझ्या पायाशी हाड रे म्हाराजा...” “व्हय म्हाराजा.” मी गाडीखाली बसलेलो. दोन्ही गुडघे व्यवस्थित वाकलेले. देवाने ते गाऱ्हाणं आधीच ऐकून ठेवलं होतं. अशा वेळी माणसाने कुठे बघायचं असतं ते मला माहीत नाही. मी गाडीच्या सायलेन्सरकडे बघत होतो.

मग दादा फोनवर आला. “तू पाठवलेल्या पैशातसून तुझ्या गुडघ्यासाठी नारळ ठेवलंय देवाकडे. आणि पूजेक मी बसलंय, पण तुझो पाट बाजूक तसोच मांडून ठेवलो आसा. जरा बरा वाटला तर विसर्जनाक तरी ये. तुझ्याशिवाय मूर्ती हलवूची नाय, असा मी सगळ्यांका सांगितलंय.”

“बघतो दादा,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी उठून गाडी पकडावीशी वाटली. मग मी मनातल्या मनात तक्ता उघडला. दोन दिवस आधी सोडलं तर किती घरांचे पैसे परत द्यावे लागतील, हे मी तिथेच, गाडीखाली बसून काढलं. आणि गेलो नाही.

दळवींची गाडी मी रोज बघत होतो, घरात मात्र फक्त पहिल्या आणि पाचव्या दिवशी गेलो. पहिल्याच दिवशी मी तिथे एक उत्तम कल्पना राबवली होती. घरात माणूस नाही, देव गावाला नेलेले, मग वीज कशाला? मी मेन स्विच बंद केला. ग्राहकाचं बिल वाचवून त्याला परतल्यावर सुखद धक्का द्यायचा, यालाच आम्ही कॉस्टिंगमध्ये मूल्यवर्धन म्हणतो. पाचव्या दिवशी दार उघडलं तर धक्का मलाच बसला. वासाचा माग काढत मी फ्रिजपर्यंत पोचलो. वरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन अख्ख्या सुरमया. दळवींनी खारदांड्याच्या मित्राकडून खास आणवलेल्या. त्यांचा गणपती पाच दिवसांचा, दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतणार आणि रात्री जावई जेवायला येणार. हे त्यांनी मला जाताना सांगितलं होतं. मी तेव्हा चावी कुठल्या खिशात ठेवावी याचा विचार करत होतो.

दुपारभर मी फ्रिज लिंबाने, सोड्याने, शेवटी अगरबत्तीने धुतला म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी मासळी बाजार गाठला. आता आमच्या घरचा गणपती सात दिवसांचा. तोवर गावच्याच काय, मुंबईच्या स्वयंपाकघरातही आम्ही मासळीचं नाव काढत नाही. मी मान खाली घालून, टोपी डोळ्यांवर ओढून गेलो. सोबत पिशवीत त्या दोघींपैकी एक घेतली होती, नमुना म्हणून. खरेदी नमुन्याबरहुकूम करावी, ही कारखान्याची सवय.

माहुलहून येणारी पार्वती कोळीण मला टोपीसकट ओळखते. दर रविवारी तिच्याकडूनच घेतो.

“काय भाऊ, गावाला नाय गेलाव? गनपती हाय ना तुमचा?”

“हळू बोल. दुसऱ्याच्या घरची खराब झाली, त्याला भरून द्यायचीय. अशाच दोन, याच मापाच्या दे.” मी पिशवी उघडली.

पार्वतीने नाकाला पदर लावला. “आग माझे बाय. ही पयली माझ्या पाटीसमोरशी उचला. गिराईक म्हनल माझीच हाय.”

मी पिशवी मागे सरकवली. तिने एक सुरमई काढली, भाव सांगितला. तो ऐकून मी दुसरी छोटी चालेल का विचारलं. ती म्हणाली, “घरवाल्याची मासली हाय ना? मंग तो वलखल.” मी निमूटपणे तिच्यासमोर उकिडवा बसलो, आणि माप जुळतंय का बघायला सुरमई शेपटीला धरून उचलली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लताताई. सात वाजले होते. कापायला म्हणून मी फोन काढला, पण अंगठा ओला, खवल्यांनी माखलेला. तो लाल बटणावर टेकायचा तो घसरून हिरव्यावर गेला.

पडद्यावर लताताईंच्या गावचं घर उघडलं. मखर, समया, समोर सगळं घर, शेजारीपाजारी, आरती अगदी रंगात आलेली. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे गणपतीसमोरच्या स्टुलावर ठेवला असणार. मी घाबरून हात वर केला, नमस्कार करावा म्हणून. तो हात सुरमईचा होता.

टाळ एकदम थांबले नाहीत. एकेक करून थांबले. शेवटी एक लहान पोरगी एकटीच टाळ्या वाजवत होती, तिला कुणीतरी गप्प केलं. मग मागून एका म्हाताऱ्याचा स्वच्छ आवाज आला, “हो लहूचो भाव न्हय? गुडघोवालो?”

फोन हातातून निसटून पाटीला टेकला आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. उठताना गुडघ्याला नुसता हात तरी लावावा, एवढंही मला सुचलं नाही. दोन्ही गावांच्या लोकांनी ज्या गुडघ्यासाठी देवाला हाक मारली होती, तो गुडघा त्यांना बाजारातल्या दिव्याच्या उजेडात एका झटक्यात सरळ होताना दिसला. पार्वती विचारत होती, “भाऊ, साफ करून देऊ?”

मधे फक्त एक ओहोळ आहे, हे मी सांगितलंच. सुरमया फ्रिजमध्ये ठेवून, मेन स्विच चालू आहे ना हे पाच वेळा बघून मी घरी आलो, तोवर दादाचा फोन आला. तो ओरडेल, अशी माझी तयारी होती. तो ओरडला असता तर मीही काहीतरी बोललो असतो.

“गुणा,” तो म्हणाला, “गुडघो बरो आसा ना?”

“दादा, मी तुला सांगणार होतो...”

“नको. बरो आसा ना, मग झाला. देवान ऐकला म्हणूया.” मागे भजनाची तयारी चाललेली ऐकू येत होती. “मी माझ्या तोंडान गाऱ्हाणा घातलंय रे. माणसा माका विचारतत. मी काय सांगू त्येंका?”

“मी येतो. आत्ता निघतो, सकाळपर्यंत पोचतो.”

“आता येव नको. तू इलंस तर तुका चालताना बघतले सगळे.” मग तो अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाला, “विसर्जनाक सुयोगाक पाटार बसवतंय. आणि पुढच्या खेपेपासून तुझी पाळी तोच करीत. चलात ना?”

मी ‘चालेल’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मी रिकाम्या घरात दिवाही लावला नाही.

विसर्जनाच्या दिवशी पुतण्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. सुयोग पाटावर बसला होता. सोवळं त्याला नीट नेसता आलं नव्हतं, सुगंधा मागून सारखं खोचून देत होती. भटजी म्हणाले तसं तो बोलत होता, अडखळत होता, आणि दादा शेजारी वाकून त्याला शब्द सांगत होता, माझ्या पहिल्या वेळी मला सांगितले होते तसेच. मग सुयोगने मूर्तीला हात लावला आणि ती किंचित हलवली. मी हा व्हिडिओ भांडुपला लताताईंच्या घरात बघितला. त्या दिवसापासून त्यांचा कॉल आलाच नव्हता, पण पैसे घेतले होते, म्हणून मी रोज जाऊन दिवा लावत होतो.

धंद्याचं म्हणाल तर तो झकास चालला. दळवींना काही कळलं नाही, उलट जावयाला सुरमई फार आवडली, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षाचं घर आत्ताच देऊन ठेवलं आणि आणखी दोघांना माझं नाव सांगितलं. अंबादासरावांनी सोसायटीच्या फलकावर माझं पत्रक लावायला परवानगी दिली. मी हिशेब पूर्ण केला. रिक्षा, दिव्यांचं तेल, सुरमया, दादाला पाठवलेले पैसे, आणि शिबिरात शिकवतो तसे माझे स्वतःचे तासही त्यात धरले. तरीसुद्धा थोडा नफा उरला. तोटा झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

सुगंधा आणि सुयोग परत आले त्या दिवशी मी स्टेशनवर उतरवून घ्यायला गेलो, बॅगा मीच उचलल्या. दोघंही चांगलं बोलली. पाऊस कसा होता, भजनाला कोण आलं होतं, सगळं सांगितलं. घरी आल्यावर सुयोगने पिशवीतून कलशावरचा नारळ काढला. तो पाळीवाल्याचा असतो, त्याच्या घरीच फोडायचा असतो. त्याने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

मग सुगंधाने प्रसादाचे पुडे काढले. ज्यांना गणपतीला येणं जमत नाही, अशा पाहुण्यांसाठी दादा दर वर्षी पुडे बांधतो आणि वर पेनाने नाव-गाव घालतो. शेजारच्या परबांचा, सुगंधाच्या डोंबिवलीच्या मावशीचा, असे तिने टेबलावर एकेक मांडले. शेवटचा तिने माझ्या हातात दिला. वर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘श्री. गुणाजी धुरी, मुलुंड’. दादाने मला जन्मात कधी श्री. लावलेलं नव्हतं.